नोबेल उपासाला मिळालेलं नाहीये, काका

पौष वद्य एकादशीला तिकडे त्र्यंबकला निवृत्तीनाथांची यात्रा भरते आणि इकडे आमच्या वायनरीत द्राक्षाचे क्रेट उतरायला लागलेले असतात, त्यामुळे त्या दिवशी मी घरी कधीच नसते, सकाळी सातपासून लॅबमध्ये. या वर्षी पण तेच. दुपारी डबा खाताना फोन उघडला तर फॅमिली ग्रुपवर नाशिकच्या सिडकोतल्या काकांनी, म्हणजे माझ्या मावशीच्या यजमानांनी, तो मेसेज टाकलेला. तुम्हाला पण आला असेलच, मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आलाय आणि दर वेळी शेवटचे हात जोडलेले इमोजी वाढत चाललेत.

ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जपानी शास्त्रज्ञाला २०१६ चं नोबेल मिळालं कारण त्याने सिद्ध केलं की १६ तास उपाशी राहिलं की शरीर स्वतःच्या मेलेल्या, सडलेल्या आणि कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकतं, याला ऑटोफॅजी म्हणतात. ७२ तास केलं तर प्रतिकारशक्ती कोरी करकरीत नवी. आपल्या ऋषीमुनींनी हेच एकादशीच्या रूपाने हजारो वर्षांपूर्वी सांगितलं होतं. कॅन्सर, अल्झायमर, पार्किन्सन, डायबेटीस सगळं मुळापासून जातं. डॉक्टर हे सांगणार नाहीत कारण त्यांची दुकानं बंद होतील. आणि सगळ्यात खाली, ऑटोफॅजी वाढवणाऱ्या कॅप्सूलची लिंक.

मी नेहमीसारखं दुर्लक्ष केलं असतं. पण मावशीने ते मनावर घेतलं. एकादशीचा उपास तिचा असतोच, तो तिने पुढे ७२ तासांवर न्यायचा ठरवला, कोणाला सांगितलं नाही, फक्त पाणी, आणि डायबेटीसची गोळी मात्र वेळेवर, कारण "गोळी चुकवायची नाही असं डॉक्टर म्हणालेत". दुसऱ्या दिवशी दुपारी मावसभाऊ घरी आला तर ही ओट्याला धरून उभी, घामाने ब्लाउज भिजलेला, हात थरथरतायत आणि बोलणं जड झालेलं. मशीनवर शुगर ५१. चार चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, मग कुठे ८० च्या घरात आली. म्हणून हे लिहितेय, आणि काका, राग मानू नका, पण एकेक मुद्दा घेते.

आधी नोबेलचं. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं हे खरं, वाटेकरी कोणी नव्हता, एकट्यांना मिळालं. पण ते उपासाचे फायदे सिद्ध केले म्हणून नाही. ऑटोफॅजी पेशीत चालते कशी, तिची यंत्रणा काय, त्यासाठी कुठले जीन लागतात हे शोधलं म्हणून. आणि ते काम माणसावर नव्हतं, उंदरावर पण नव्हतं, यीस्टवर होतं. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, ज्याच्यावर पाव फुगतो, वाईन होते आणि माझा पगार निघतो, तेच.

हे मी रोज बघते म्हणून जरा सविस्तर सांगते. सकाळी टाकीतलं सॅम्पल काढायचं, त्यात थेंबभर मिथिलीन ब्लू, स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशींना रंग चढत नाही. जिवंत पेशीच्या आत नीट बघितलं तर एक गोल, पारदर्शक डबकं दिसतं, ती रिक्तिका. आपल्या पेशींमध्ये लयकारिका, म्हणजे लायसोसोम, कचरा तोडायचं जे काम करतात ते यीस्टमध्ये ही रिक्तिका करते. ओसुमींनी १९८८ साली टोकियो विद्यापीठात स्वतःची छोटी लॅब सुरू केली, वय ४३, आणि या डबक्याच्या मागे लागले, जेव्हा बहुतेकांना ती पेशीची कचराकुंडी वाटायची. त्यांनी केलं काय, तर असं यीस्ट घेतलं ज्याच्या रिक्तिकेत प्रथिनं तोडणारी एन्झाइमच नाहीत, आणि मग त्याचा नायट्रोजन, म्हणजे प्रथिनं बनवायचा कच्चा माल, बंद केला. पेशीतला माल रिक्तिकेत यायचा तो येत राहिला पण तुटायला कोणी नाही, त्यामुळे काही तासांत ते डबकं बारीक बारीक गोळ्यांनी भरून गेलं आणि ते गोळे आत थरथरत फिरताना साध्या मायक्रोस्कोपखाली दिसले. १९९२ ला हे छापून आलं. मग हजारो म्युटंट, म्हणजे जीन बिघडवलेली यीस्ट, एकेक तपासत ज्यांच्यात गडबड आहे ते वेचून काढले आणि १९९३ मध्ये १५ जीन हाती लागले. आज एटीजी नावाने असे चाळीसच्या वर जीन माहिती आहेत आणि त्यातले बरेचसे आपल्या पेशीतही सापडतात, नोबेल मिळायचं कारण ते आहे.

आता गंमत बघा. यीस्टला उपाशी ठेवलं ते नायट्रोजनचं. साखर त्या द्रावणात होती. म्हणजे जो उपास नोबेलपर्यंत गेला तो गोड पाण्यात बसून केलेला होता! हे काकांना सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्प होते.

आमच्याकडे द्राक्षाच्या रसात नायट्रोजन कमी निघाला की काय होतं ते पण सांगते. यीस्ट रडत-रखडत चालतं, फर्मेंटेशन अडकतं, टाकीचं झाकण उघडलं की सडक्या अंड्याचा वास. मग आम्ही डीएपी, म्हणजे नायट्रोजन देणारं खत, घालतो, हो, शेतात टाकतात तेच डीएपी, फक्त खाण्याच्या दर्जाचं. उपाशी यीस्ट तेव्हा तेजस्वी वगैरे झालेलं नसतं, ते घरातलं मोडून खात कसंबसं तग धरत असतं.

मोडून खाणं, हाच शब्द इथे बरोबर बसतो. माझी आजी दिवाळीच्या आधी भांडी बाजारात जायची, पिशवीत पिचकलेली घागर, कान तुटलेलं पातेलं, भोक पडलेला तांब्या. दुकानदार तराजूत घालायचा, मोडीचा भाव लावायचा, आजी वर थोडे पैसे घालून नवी कळशी घेऊन यायची. जुनं पितळ भट्टीत वितळून परत कोणाचं तरी भांडं व्हायचं. ऑटोफॅजी म्हणजे पेशीतली ही मोड. पेशीत दुपदरी पडद्याची एक वाटी तयार होते, ती जुनी झालेली तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतला ऊर्जा बनवणारा भाग), गुठळी झालेलं प्रथिन असं काहीतरी कवेत घेते, तोंड मिटून पिशवी बनते, पिशवी लायसोसोमला जाऊन मिळते. आत आंबट वातावरण, पीएच साडेचार-पाचच्या आसपास, आणि पन्नासच्या वर एन्झाइम. माल तुटतो, अमिनो आम्लं सुटी होऊन पेशीत परत येतात आणि नवीन काहीतरी बनवायला वापरली जातात. लायसोसोम शोधला बेल्जियमच्या ख्रिश्चन द डूव्ह यांनी १९५५ मध्ये, ऑटोफॅजी हा शब्दही त्यांचाच, १९६३ चा, आणि त्यांना १९७४ ला नोबेल मिळालं. म्हणजे हे नाव पडलं तेव्हा ओसुमी अठरा वर्षांचे पोरगे होते.

आणि ही मोड रोज चालते, पोट भरलेलं असतानाही. हिशोब बघा, मोठ्या माणसाच्या शरीरात दिवसाला साधारण २०० ते ३०० ग्रॅम प्रथिन नव्याने बनतं आणि आपण डाळ-भाकरी-दूध-अंडं सगळं मिळून खातो ६०-७० ग्रॅम. बाकीचं येतं कुठून? जुनी प्रथिनं मोडून. (सगळी मोड याच भट्टीत जाते असं नाही, सुट्या प्रथिनांसाठी प्रोटिओसोम नावाची दुसरी भट्टी आहे, तिथे जाणाऱ्या प्रथिनाला खूण कशी लागते हे शोधणाऱ्या तिघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालंय, पण त्याचा फॉरवर्ड अजून मी बघितला नाही.) तुमच्या रक्तातली प्रत्येक तांबडी पेशी तयार होताना आपल्या तंतुकणिका याच वाटेने मोडीत काढते, तुम्ही त्या दिवशी श्रीखंड-पुरी खाल्ली असली तरी.

मग उपासाचा संबंध नाहीच का? आहे ना. घरात धान्य संपलं की माणूस मोड जास्त विकतो, तसं पेशीला बाहेरून अमिनो आम्लं आणि ऊर्जा मिळेनाशी झाली की ती ऑटोफॅजी वाढवते. याचा सगळ्यात भारी पुरावा २००४ चा, जपानमधलाच, नवजात उंदरांचा. बाळ जन्मलं की नाळेतून येणारं पोषण तुटतं आणि दूध सुरू होईपर्यंत मधे खंड पडतो, त्या काही तासांत पिल्लाच्या शरीरात ऑटोफॅजी एकदम वाढते. ज्या पिल्लांमध्ये त्यासाठी लागणारा एटीजी-५ हा जीन काढून टाकला होता ती दिसायला जवळपास ठीक जन्मली आणि एका दिवसाच्या आत मेली. म्हणजे ही यंत्रणा किती जिवाची आहे ते कळतं. पण त्यातून हेही कळतं की ती टंचाईत जगवण्यासाठी आहे, स्पा नाहीये.

आता १६ तास. हा आकडा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण तो इतक्या आत्मविश्वासाने लिहिलेला असतो, काही मेसेजमध्ये तर तासागणिक तक्ता असतो, १२ व्या तासाला हे, १६ व्याला ते, १८ व्याला डोक्यातली घाण साफ. ऑटोफॅजीला असं खटक्याचं बटण नाही, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं आहे ते, आणि पूर्ण बंद कधीच नसतं. पेशीत एमटॉर नावाचं एक प्रथिन मुनीमजीसारखं बसलेलं असतं, इन्सुलिन आणि अमिनो आम्लं भरपूर असली की ते म्हणतं बांधकाम चालू ठेवा, मोड कमी करा, आवक घटली की उलटं. यकृतात याचा वेग वेगळा, स्नायूत वेगळा. ज्यांच्या पेशीतल्या या पिशव्या चमकतात अशा मुद्दाम तयार केलेल्या उंदरांवर २००४ मध्ये बघितलं तेव्हा २४ ते ४८ तास उपाशी ठेवल्यावर यकृत, स्नायू, हृदय अशा बऱ्याच ठिकाणी ऑटोफॅजी वाढलेली दिसली पण मेंदूत तशी वाढ दिसलीच नाही. आणि उंदराचे २४ तास म्हणजे आपले २४ तास नव्हेत, उंदीर एक दिवस उपाशी राहिला तर वजनाचा दहावा हिस्सा गमावू शकतो, तुम्ही-आम्ही दहावा हिस्सा गमवायला किती दिवस लागतील करा हिशोब. माणसात अमुक तासाला ऑटोफॅजी चालू होते असा ठरलेला आकडा कुठेही नाही.

मोजायचं म्हटलं तरी वांधा आहे. तुमच्या अंगात आज ऑटोफॅजी किती झाली हे सांगणारी रक्ततपासणी कुठल्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये नेहमीच्या यादीत मिळत नाही. संशोधनात पेशींचा तुकडा काढून एलसी-३ नावाचं प्रथिन बघतात, त्यावरून पिशव्या किती ते कळतं. पण नुसत्या पिशव्या मोजून भागत नाही. नाशिकच्या द्वारका चौकाचा संध्याकाळी सातचा फोटो काढा, गाड्याच गाड्या दिसतील, आता त्या भरभर जातायत म्हणून जास्त आहेत की अडकल्यात म्हणून जास्त आहेत हे फोटोवरून सांगता येईल का? (नाशिककर म्हणतील त्यात सांगायचं काय, अडकल्यातच.) पिशव्यांचं पण तसंच, जास्त दिसल्या म्हणजे जास्त बनतायत की पुढे रिकाम्या होत नाहीयेत, हे वेगळं तपासावं लागतं. हे लक्षात ठेवा, अल्झायमरला लागणार आहे.

७२ तासांचं पटकन सांगते. तो धागा २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासाकडे जातो, तो मुख्यतः उंदरांवरचा, त्यात पुन्हा पुन्हा लांब उपास देऊन रक्ताच्या मूळपेशींवर (स्टेम सेल, ज्यांच्यापासून नव्या रक्तपेशी बनतात) काय परिणाम होतो ते बघितलं होतं. ओसुमींचा त्याच्याशी संबंध नाही. प्रतिकारशक्ती नवी करायला सिडकोतल्या ६३ वर्षांच्या बाईने तीन दिवस पाण्यावर राहावं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

"मेलेल्या पेशी खातं" हे वाक्य मुळातच गंडलेलं आहे. ऑटो म्हणजे स्वतः. पेशी स्वतःच्या आतलं सामान मोडते, शेजारच्या पेशीला खात नाही. मेलेल्या पेशी उचलायला वेगळा स्टाफ आहे, मॅक्रोफेज वगैरे भक्षक पेशी, त्यांच्यावर काम करणाऱ्या मेचनिकॉफना १९०८ सालीच नोबेल मिळून गेलंय, आणि ते काम तुमच्या अंगात आत्ता हे वाचताना चालू आहे, उपास असो नसो. जिवंत पेशी मेलेलीला चाटूनपुसून तरुण होते असं काही नसतं. माझ्या स्लाइडवरच्या निळ्या पेशी निळ्याच राहतात, बाजूच्या पांढऱ्या पेशी ढुंकून बघत नाहीत.

आणि आता कॅन्सर, इथे मला खरंच राग येतो.

ऑटोफॅजी कॅन्सरच्या पेशी शोधून खात नाही. कॅन्सरची पेशी पण आपलीच पेशी असते, तिच्यातही हीच भट्टी असते. सुरुवातीच्या टप्प्यात, पेशी अजून धड असताना, ऑटोफॅजी नीट चालणं बहुधा फायद्याचं, कारण खराब तंतुकणिका आणि कचरा साठला की डीएनए बिघडायची शक्यता वाढते. बेक्लिन-१ नावाच्या जीनची एक प्रत नसलेल्या उंदरांमध्ये गाठी जास्त झाल्या हे २००३ मध्ये दिसलंय. इथपर्यंत मेसेजवाले खूश. पण एकदा गाठ बनली की पारडं फिरू शकतं. गाठीच्या आतल्या भागात रक्तपुरवठा तोकडा, ऑक्सिजन कमी, खायला कमी, मग तिथल्या पेशी जगतात कशा? मोडून खाऊन. स्वादुपिंडाच्या कॅन्सरसारख्या काही गाठी तर ऑटोफॅजीवर चांगल्याच अवलंबून असतात. म्हणजे घरात चोर शिरलाय आणि तो पण तुमचीच भांडी मोडीत घालून पोट भरतोय, असा प्रकार. म्हणूनच काही संशोधक कॅन्सरच्या औषधांबरोबर ऑटोफॅजी *अडवणारं* औषध देऊन बघतायत, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, कोविडात ज्याच्यासाठी आपण मेडिकलबाहेर रांगा लावल्या तेच. ते लायसोसोमची आंबटता घालवतं, भट्टी थंड पडते. त्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत, ठरलेला उपचार झालेला नाही. पण विचार करा, एकीकडे कॅन्सरतज्ज्ञ ऑटोफॅजी बंद करून बघतायत आणि दुसरीकडे काका म्हणतात ती वाढवा म्हणजे कॅन्सर जातो.

केमो चालू असलेल्या माणसाचं वजन आणि स्नायू टिकवणं हे डाएटिशियनचं अर्ध काम असतं, कारण स्नायू उतरले की उपचार झेपत नाहीत. केमोच्या आगेमागे थोडा उपास ठेवून बघायचे प्रयोग चालू आहेत, पण डॉक्टरांच्या देखरेखीत, निवडक पेशंटवर. आमच्या ओळखीतल्या एक बाई ब्रेस्ट कॅन्सरच्या तिसऱ्या केमोनंतर या मेसेजमुळे दोन दिवस जेवल्या नाहीत, सुनेने रडून रडून पेज पाजली. इथे फॉरवर्ड करणाऱ्याचं काय जातं.

अल्झायमर-पार्किन्सनचा मुद्दा त्यातल्या त्यात खऱ्याच्या जवळचा आहे, म्हणून तो जास्त फसवा. मेंदूतली चेतापेशी सहसा विभागत नाही, म्हणजे कचरा दोघींत वाटून हलकं व्हायची सोय नाही, आयुष्यभर तेच घर झाडत राहायचं. २००६ मध्ये दोन जपानी गटांनी उंदरांच्या फक्त चेतापेशींमधली ऑटोफॅजी बंद केली, बाकी अंग ठीक, तर त्या पेशींत प्रथिनांच्या गुठळ्या जमल्या आणि उंदरांच्या हालचाली बिघडल्या. लक्षात घ्या, उंदीर जेवत होते, म्हणजे मेंदूला रोजची साधी मोड लागते, उपासाची वाढीव नाही. पार्किन्सनमध्ये तर धागा आणखी पक्का आहे. पिंक-१ आणि पार्किन अशी दोन प्रथिनं आहेत, तंतुकणिका बिघडली की पिंक-१ तिच्या अंगावर साचतं, पार्किनला बोलावतं, पार्किन तिच्यावर खुणा चिकटवतं, मोडीत काढा म्हणून, जसं महापालिका धोकादायक वाड्यावर नोटीस लावते. या दोघांपैकी एकाचा जीन आई-वडील दोन्हीकडून बिघडलेला आला तर कमी वयात पार्किन्सन होऊ शकतो. पण उपास केल्याने तुटलेला जीन दुरुस्त होत नाही ना. नोटीस लावणारा माणूसच नाही, तिथे भट्टी कितीही पेटवा.

आणि अल्झायमरमध्ये उलटीच अडचण दिसते. अशा पेशंटच्या मेंदूत चेतापेशींत या पिशव्या कमी नाही, ढिगाने साचलेल्या सापडल्यात. द्वारका आठवा. पिशव्या बनतायत पण लायसोसोममध्ये नीट रिकाम्या होत नाहीत. भांडी बाजारात माल येऊन पडलाय आणि भट्टी विझलेली, तिथे तुम्ही अजून चार टेम्पो पाठवलेत तर कोंडी वाढेलच. भट्टी बिघडली की काय होतं याचं सगळ्यात उघड उदाहरण म्हणजे गोशे नावाचा आजार, लायसोसोममधलं एकच एन्झाइम जन्मापासून कमी, त्यामुळे एक प्रकारचा स्निग्ध पदार्थ तुटत नाही, प्लीहा आणि यकृत सुजून पोट पुढे येतं. १९९१ पासून ते एन्झाइम सलाइनमधून देण्याचं औषध मंजूर आहे, महाग आहे पण काम करतं. आणि त्याच जीनची एक प्रत बिघडलेल्या लोकांना पार्किन्सनचा धोका जास्त असतो हेही पुढे कळलं. हे सगळं वाचलं की वाटतं, अरे, एवढं भारी प्रकरण आहे आणि आपण त्याचं काय केलं, तर १६ तासांचा तक्ता.

डायबेटीसचं. वजन उतरलं की टाइप-२ मध्ये शुगर सुधारते हे खरंय, खाण्याचे तास कमी करून काहींचं वजन उतरतं हेही खरंय. पण २०२२ साली चीनमधल्या एका चाचणीत १३९ लठ्ठ लोकांना वर्षभर बघितलं, सगळ्यांना कॅलरी कमी दिल्या, निम्म्यांना वर आठ तासांतच खायची अट, तर दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक निघाला नाही. म्हणजे जे काम होतं ते कमी खाण्याने. मावशीची गोळी ग्लिमेपिराइड आहे, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत नाही. इन्सुलिन घेणारे आणि ही जातकुळीची गोळी घेणारे, यांनी लांब उपास करायच्या आधी डोस कसा बदलायचा ते डॉक्टरांना विचारायलाच लागतं. मेसेजमध्ये याच्यावर एक ओळ नव्हती.

ऋषीमुनींबद्दल मी काही वाकडं बोलणार नाही, एकादशी आमच्या घरात पण असते. पण मावशीचं एकादशीचं ताट बघा: साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, भगर, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. उगाच नाही म्हणत एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, खाल्ला की इन्सुलिन वर, दाण्यातून प्रथिन, एमटॉर मुनीमजी एकदम खूश, बांधकाम चालू. ऑटोफॅजी वाढवायला यापेक्षा साधी पोळी-भाजी कमी खाल्लेली बरी. शिवाय साबुदाणा ज्याचा होतो तो कसावा, बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं, पोर्तुगीज वगैरे जहाजांतून, तर हजारो वर्षांपूर्वीच्या ऋषींनी खिचडी खाऊन ऑटोफॅजी केली हे जरा जमत नाही. निर्जळी करणारे वेगळे, त्यांची श्रद्धा वेगळी, ते विठ्ठलासाठी करतात, एमटॉरसाठी नाही, आणि त्यांना टोकियोच्या सर्टिफिकेटची गरज कधी पडलेली नाही.

डॉक्टर लपवतात म्हणे. ज्या गोष्टीला जाहीर नोबेल मिळालं ती लपवणार कशी? हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जुनं, स्वस्त औषध, त्याच्यावर कॅन्सरच्या चाचण्या होतात. दुकान बंद पडायची भीती असती तर कशाला केल्या असत्या.

राहिली ती कॅप्सूल. मी लिंक उघडून बघितली, हळद, ग्रीन टी, मिरी, ६० गोळ्या १४९९ रुपये. म्हणजे जेवू नका आणि त्या पैशात आमच्या गोळ्या खा. व्यायामाने उंदरांच्या स्नायूंत ऑटोफॅजी वाढते हे २०१२ मध्ये दिसलंय, तेव्हा हौसच असेल तर सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून या, कॅप्सूल लागत नाही. (हे उंदरांवरचं आहे, याचा पण फॉरवर्ड करू नका.)

काकांना मी हे सगळं फोनवर सांगितलं, ते "हं, हं" करत होते, मग म्हणाले, मी वाचलंच नव्हतं गं शेवटपर्यंत, भाचीला आवडेल म्हणून टाकलं, तू त्या यीस्टचंच काम करतेस ना. मेसेज त्यांनी ग्रुपवरून डिलीट केला, पण तोपर्यंत मावशीने तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर पाठवला होता, आणि तिथे सत्तेचाळीस बायका आहेत. त्यातल्या किती जणी शुगरची गोळी घेतात ते मावशी आता एकेकीला फोन करून विचारतेय, कालपर्यंत एकोणीस फोन झाले, अकरा निघाल्या.